एक ताट, दोन हत्यारं

“आणखी!” सगळ्यात वरच्या बाकावरून दस्तगीर मास्तर ओरडले.

मी पितळी मापात आणखी चिमूटभर दारू घातली, काडतूस भरलं, वर छर्रे, त्यावर पुठ्ठ्याची चकती दाबली आणि कर्नलच्या हातात दिलं. कर्नलनं बंदुकीची खालची कडी खळ्ळकन पुढं ढकलली, मागं ओढली आणि बार काढला. शेजारी गुलाब ढोल बडवतच होता.

“आलं का ऐकू?” मालकांनी खालून विचारलं.

“पादल्यावानी आलं,” मास्तर म्हणाले. “आणखी!”

आमच्या सर्कशीत दारूचं माप असं ठरायचं. तराजूनं नाही, पुस्तकानं नाही, बँडमास्तरच्या कानानं. सगळ्यात स्वस्त तिकिटाच्या माणसाला ढोलाच्या वरताण बार ऐकू गेला पाहिजे, हा नियम. तो कुणी केला, कधी केला, कुणाला ठाऊक नव्हतं. मला विचाराल तर तो गाढवपणा होता. पण त्या शनिवारी सकाळी बार्शीच्या मैदानावर तंबूत बसून मीच तो गाढवपणा चिमूट चिमूट वाढवत होतो, आणि वर खुशीत होतो.

खुशीचं कारण होतं. जोड मी लावली होती.

कर्नलची बंदूक जुनी. कुठल्याशा संस्थानाचा पसारा मोडला तेव्हा मालकांनी घेतलेली. खाली कडी असायची. कडी ओढली की रिकामं काडतूस टुणकन बाहेर आणि नवं आत. अमेरिकेत गुरं राखणारे लोक घोड्यावर बसून असली बंदूक मारायचे म्हणे. त्या लोकांची एक युक्ती होती. कमरेला रिव्हॉल्वर असा लावायचा की त्यात बंदुकीचंच काडतूस बसेल. एकच पट्टा, एकच काडतूस, दोन हत्यारं. हे मला एका दारूगोळ्याच्या व्यापाऱ्याकडं कळलं. मालकांबरोबर छर्रे आणायला गेलो होतो. कपाटात एक जुना सहाबारी रिव्हॉल्वर पडलेला दिसला. खिशात आमचं काडतूस होतंच. हळूच फिरकीच्या भोकात घालून पाहिलं. म्यानात तलवार जावी तसं गेलं.

“मालक,” मी म्हणालो, “हंसाक्काच्या हातात हे द्या. एका ताटातली काडतुसं दोघांना. बघणाऱ्याची बोटं तोंडात जातील.”

मालकांना बुद्धी कमी, पण पोस्टर कळायचं. आठ दिवसांत बार्शीभर लागलं : ‘एक ताट, दोन हत्यारं! नवरा-बायकोची अचाट नेमबाजी!’ खेळ असा होता की प्रेक्षकांतला कुणीही माणूस रिंगणात बोलवायचा, त्याच्यापुढं काडतुसांचं ताट धरायचं, आणि त्यानं आपल्या हातानं उचलून सहा कर्नलला, सहा हंसाक्काला द्यायची. म्हणजे लबाडी नाही. पोस्टरवर कर्नलचं नाव होतं, त्याच्या बायकोचं, हंसाक्काचं होतं, मालकांच्या वडिलांचा फोटोसुद्धा होता. माझं नव्हतं. ज्यानं घडवलं त्याचं नाव पोस्टरवर घालायची चाल आपल्याकडं नाही. मी जातीनं घिसाडी. गाढवावर भाता लादून गावोगाव विळे-कुऱ्हाडी करणाऱ्या आईबापाचा. शाळा पाहिली ती बाहेरून, तिच्या खिडकीचे गज ठोकताना. सर्कशीत वाघाचे पिंजरे, झोपाळ्यांच्या कड्या आणि बंदूक माझ्याकडं असायची. कर्नल मला नावानं कधी हाक मारायचा नाही. “ए घिसाड्या.” बस्स.

आणि कर्नल तरी कसला? पलटणीत आचारी होता. पण नेम होता, हे कबूल केलं पाहिजे. अकरा वर्षं त्या नेमापुढं हंसाक्का लाकडी पाटीला पाठ लावून उभी राहिली होती. डोक्यावर बटाटा, बोटांत पत्त्याचं पान. तेव्हा छर्रे नसायचे, एकेरी गोळी असायची. तिच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी होती. त्याबद्दल कर्नल म्हणायचा, “त्या दिवशी हलली ती.” ती काही म्हणायची नाही.

“आणखी!” मास्तर.

सहाव्या का सातव्या चिमटीला मास्तरांनी एकदाचा हात वर केला. कर्नल खूश. मग मी त्याच मापाची काडतुसं भरून ताटात मांडली आणि सहा हंसाक्काच्या रिव्हॉल्वरमध्ये घातली.

ती नऊवारीचा काष्टा मारून आली होती. पाय फाकवून उभी राहिली, हात सरळ केला.

धडाड!

गुलाबच्या हातातली काठी थांबता थांबता राहिली. झोपाळ्यावरच्या दोन पोरी किंचाळल्या. वीस पावलांवरच्या मडक्याची खापरं सगळ्या रिंगणात उडाली. सहाचे सहा. हंसाक्का हात झटकत हसत होती. चार वर्षं त्या कंपनीत होतो मी, पण बाईचे सगळे दात त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

“या अल्ला,” मास्तर वरून म्हणाले. “कर्नल, तुमची बंदूक आता घरात ठिवा. बाईचा आवाज बगा!”

“हाताला झटका लई बसतोय रे शिदू,” ती मला म्हणाली. “कोपरापातूर मुंग्या आल्या. पण बसू दे.”

कर्नल हसला नाही.

दुपारी मी दोन्ही हत्यारं पुसायला घेतली. बंदूक साफ झाली. रिव्हॉल्वरच्या फिरकीतली रिकामी काडतुसं मात्र निघेनात. सकाळी बोटानं जात होती ती आता काडीनं ढकलूनही हलेनात. शेवटी लाकडी दांडा लावून हातोडीनं ठोकून काढली. काढली आणि उजेडात धरून पाहिली. पितळ फुगलं होतं. मी फिरकीच्या बाहेरच्या अंगावरून नख फिरवत आणलं. एका भोकापाशी नख चढलं. लोखंड केसभर बाहेर आलं होतं.

लोखंड मला कळतं. मला दुसरं काही कळत नाही, पण ते कळतं. काडतूस एक होतं, अंगं दोन होती. बंदुकीचं पोट जाड, नळी हातभर लांब. मास्तरच्या कानासाठी घातलेली सगळी दारू ती मुकाट गिळत होती. रिव्हॉल्वरच्या भोकांच्या भिंती चार-सहा पोस्टकार्डांएवढ्या जाड, त्याही म्हाताऱ्या. आम्ही बंदुकीचा घसा मोकळा करायला दारू वाढवली आणि तीच त्या बारक्या जिवाच्या तोंडात कोंबली. मी कोंबली. मास्तरनं नाही, मालकांनी नाही. जोड जमली म्हणून माझ्या अंगावर मांस चढलं होतं ना, त्यात मला एवढं साधं सुचलं नव्हतं.

आधी मालकांकडं गेलो. मालक खुर्चीत बसून पाय दाबून घेत होते.

“फुटेल म्हणजे काय?” ते म्हणाले. “सकाळी तर फुटलं नाही.”

“फुगलंय. आणखी धा मारले, वीस मारले, कधीतरी फुटणार. हाताच्या वर फुटतं ते. पंजा जाईल.”

“मग दारू कमी कर.”

“कमी केली की बंदूक ऐकू जात नाही.”

“मग कमी करू नको.”

“मालक, ताट एक आहे.”

मालकांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू ताट मीच एक केलं. तसं ते खरंच होतं. “हे बघ शिदू, सोमवारी त्या व्यापाऱ्याचा माणूस येतोय. हत्यार परत द्यायच्या बोलीवर आणलंय. उद्या तीनच्या खेळात पब्लिकनं उचललं तर ठेवू. नाही उचललं तर पिस्तूल परत आणि हंसा परत पाटीपुढं. मला डोक्याला ताप नको.”

कर्नल तंबूमागं दाढी करत होता. त्यानं ऐकून घेतलं, वस्तरा पुसला.

“म्हणजे माझा बार बारीक करायचा? तिच्यापायी?”

“तिच्या हातापायी.”

“मग तिनं मारू नये. पाटीपुढं उभं राहायला काय धाड भरलीय तिला? अकरा वर्षं राहिली.” मग आरशात बघत म्हणाला, “घिसाड्या, तू भाता फुंक. नवरा-बायकोत येऊ नको.”

मी तिथं वस्तरा हिसकावून घेतला नाही, याचं मला आज पन्नास वर्षांनीही वाईट वाटतं.

हंसाक्का मडकी उन्हात ओळीनं लावत होती. मी फुगलेलं पितळ तिच्या हातावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. तिनं पितळाच्या फुगवट्यावरून बोट फिरवलं. शेवटी एकच विचारलं.

“उद्याच्या सहात फुटंल का?”

“सांगता येत नाही.”

“म्हणजे कदाचित न्हाई फुटायचं.”

“अक्का!”

“न्हाई, मी नीट इचारत्ये. उद्याचे सहा तसेच भर. मोठ्ठे. पब्लिक उचलंल, मालक हत्यार ठिवतील. मग हळूहळू कमी कर. कुणाला कळायचं न्हाई.”

“आणि उद्याच गेला पंजा तर?”

“गेला तर माझ्या हातानं गेला म्हणीन.” तिनं आपली अर्धी करंगळी माझ्या नाकापुढं धरली. “हे बग. हे कुणाच्या हातानं गेलं? मी हलले न्हवते शिदू. एका तसूनं हलले न्हवते. अकरा वर्षं ऐकत्ये, हलली, हलली.”

मी ते फुगलेलं पितळ परत घेतलं. “मी भरणार नाही. तू भर, मालक भरोत, तो आचारी भरू दे. माझ्या हातानं ती दारू जाणार नाही.”

“मग मी जाते पाटीपुढं,” ती म्हणाली, आणि हातातलं मडकं एवढ्या जोरानं खाली ठेवलं की ते तडकलं.

तडकलेलं मडकं तिनं उचलून बाजूला सारलं. मग तीच म्हणाली, “किती कमी?”

“सकाळी पहिला बार काढला ना, तेवढं. मडकं फुटेल. आवाज फटाकडीएवढा.”

“म्हणजे ढोलाखाली मरंल.”

“ढोल थांबला तर नाही मरणार.”

ती माझ्याकडं बघायला लागली. मी उठलो आणि मास्तरांकडं निघालो.

दस्तगीर मास्तर मिरजेचे. क्लॅरिनेट असं वाजवायचे की वाघ शेपूट आवरून बसायचा. माणूस लाख. पण मी “उद्या हंसाक्काच्या वेळी बँड थांबवा” म्हणालो आणि त्यांनी कानाला हात लावले.

“न्हाई. ते सोडून काय बी माग.”

“दोन मिनिटं मास्तर.”

“दोन मिंटं? अरे, सर्कशीत बँड कवा थांबतो, म्हाईत हाय तुला? झोपाळ्यावरनं माणूस पडलं, जाळी फाटली, वाघ उलटला, तवा. बँड थांबला की बावर्चीखान्यापासनं हत्तीखान्यापातूर सगळी कंपनी हातातलं टाकून रिंगणात पळत येती. मुडदा उचलायला. बत्तीस साल झाले माझे. दोनदा थांबला. दोन्ही वेळंला खांद्यावर न्यावं लागलं. मी जित्या माणसावर बँड थांबवायचा? हंसा माझ्या लेकीवानी हाय. तिच्या नावानं मी अपशकुन करू?”

“नाही थांबवला तर तिचा हात तरी जाईल नाहीतर खेळ तरी.”

“दारू कमी कर. मी हळू वाजवतो.”

“ढोल हळू वाजतो का?”

मास्तरांनी क्लॅरिनेट पेटीत ठेवली. मग म्हणाले, “थांबायचा न्हाई,” आणि नमाजाला गेले.

त्या दिवशी संध्याकाळी मी ताट भरलं. सगळी काडतुसं, एकूण एक, सकाळच्या पहिल्या मापाची. मास्तरांचा नकार हंसाक्काला सांगितला होता, तरी ती शेजारी बसून पुठ्ठ्याच्या चकत्या कापून देत होती. सकाळची उरलेली मोठी काडतुसं मी फोडून त्यातली दारू मातीत मिसळली. कर्नलला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं खेळाला उभं राहायलाच नकार दिला असता.

रविवारी तीनला तंबू गच्च. पुढं खुर्च्यांवर मामलेदार, डॉक्टर, वकील आणि त्यांच्या बायका. वर बाकांवर सगळी बार्शी. रिंगमास्तरनं हाक दिली, एक पागोटेवाला तेली उठून आला, लाजत लाजत ताटातून सहा काडतुसं उचलून कर्नलला दिली आणि सहा हंसाक्काला. टाळ्या. गुलाबनं ढोल घुमवला. मास्तरांनी क्लॅरिनेट ओठाला लावली.

कर्नलनं छाती काढली, कडी ओढली, बार काढला.

काहीच ऐकू आलं नाही. धूर दिसला, मडकं पडलं. एवढंच. कर्नलनं बंदुकीकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्याचे डोळे मला आजही कागदावर काढून दाखवता येतील. पण रिंगणात उभा होता, करणार काय? उरलेले पाचही मारले. वरून पोरं ओरडायला लागली, “टिकल्या! टिकल्या!” कुणी शिट्टी घातली. सहावा मारून त्यानं बंदूक माझ्या अंगावर जवळजवळ फेकलीच आणि दातांतल्या दातांत म्हणाला, “संपल्यावर बघतो तुला.” मग बँडकडं हात करून त्यानं खूण केली, जोरात. आणखी जोरात. आपली झालेली फजिती झाकायला.

आता हंसाक्का.

मास्तरांनी ती खूण पाळली की सवयीनं झालं, ठाऊक नाही, पण बँड असा उसळला की तंबूची कनात थरथरायला लागली. तिनं हात सरळ केला. बार काढला. पहिलं मडकं फुटलं. आवाज शून्य.

वरून एकानं बोंब मारली, “दोरी हाय! दोरीनं ओढत्यात!”

आणि मग सगळेच. “दोरी! दोरी! दोरी!”

हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आवाजाशिवाय नेम म्हणजे लोकांना लबाडी वाटते. खुर्च्यांवरचे लोक मान वाकडी करून खरंच दोरी शोधत होते. ती डॉक्टरीणबाई पदर तोंडाला लावून हसत होती. हंसाक्कानं हात खाली घेतला. मालक पडद्याआडून विदूषकांना ढकलत होते, जा, जा, आत जा, नंबर संपला. दोघं विदूषक कोलांट्या मारत निघालेसुद्धा.

मी बंदूक टाकली आणि बँडच्या माचावर चढलो. बोलायला वेळ नव्हता आणि बोललेलं ऐकू आलं नसतं. गुलाबच्या ढोलावर मी दोन्ही पंजे ठेवले. त्याची काठी वर होती ती खाली आली, थेट माझ्या बोटांवर. दोनदा. मी हात काढला नाही. ढोल मेला. तरी कर्णे चालू होते, क्लॅरिनेट चालू होती. मास्तरांनी डोळे वटारून माझ्याकडं बघितलं, वाजवता वाजवताच मला लाथ घातली.

“मास्तर,” मी ओरडलो, “तिकडं बघा!”

त्यांनी बघितलं. रिंगणाच्या मधोमध हंसाक्का उभी होती. विदूषक तिच्या दोन्ही बाजूंनी उड्या मारत होते. तिला त्यांचं भान नव्हतं. मास्तरांकडं बघत होती ती. हात जोडले नव्हते, काही नव्हतं. नुसती बघत होती.

मास्तरांनी क्लॅरिनेट खाली घेतली. ती घेताना त्यांचे ओठ हलत होते; दुआ मागत असावेत. मागं एक कर्णा जरा वेळ एकटाच बोंबलला आणि तोही गप्प झाला.

तंबूत असली शांतता मी कधी ऐकली नव्हती. दोराचं करकरणं ऐकू यायला लागलं. वरच्या बाकावर कुणाचं तरी पोर रडत होतं तेही. मग पलीकडच्या पडद्यामागं पावलं. धावणारी. पुष्कळ. पडदा फाटेस्तोवर ओढला गेला आणि कंपनी आत घुसली. झोपाळ्याच्या पोरी अर्ध्या रंगलेल्या तोंडांनी, माहूत हातात अंकुश घेऊन, घोडेवाले, तंबूचे खलाशी, दोघांच्या खांद्यावर तर स्ट्रेचर. सगळ्यांची तोंडं पांढरी. रिंगणाच्या कडेला येऊन थबकले. वर बघत होते, झोपाळ्याकडं. मग जमिनीकडं. मग हंसाक्काकडं.

तिनं हात वर केला.

टक्.

बारीक आवाज. सुपारी फोडल्यासारखा. पण तो सगळ्यात वरच्या बाकावर जाऊन परत आला. पाठोपाठ मडक्याची खापरं फळीवर पडली, तीही एकेक ऐकू आली.

टक्. टक्.

दोरीवाला गप्प होता. मामलेदारांची चिलीम विझली असावी. ते ती तशीच ओढत होते.

टक्.

कर्नल रिंगणाच्या दाराशी उभा होता. त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. अकरा वर्षांत तसं पहिल्यांदा घडलं असेल.

टक्.

दुसऱ्या दिवशी मला कामावरून काढलं, बँड बंद पाडल्याबद्दल. दस्तगीर मास्तरांनी माझ्याशी बोलणं सोडलं ते कायमचं. माझी दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. रिव्हॉल्वर मात्र व्यापाऱ्याकडं परत गेला नाही. त्यापुढं सात वर्षं हंसाक्काच्या खेळाला बँड थांबत होता, असं मला पुढं एका खलाशानं सांगितलं. ते असू दे. मला आठवतो तो शेवटच्या बारानंतरचा एक क्षण. टाळ्या अजून सुरू व्हायच्या होत्या. फिरकीतून धूर निघत होता. स्वयंपाकाची शेवंतामावशी उशिरा पोचली. जाड बाई, पळता येईना. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात, डोळ्यांतून पाणी, गर्दी सारत ती पुढं आली आणि किंचाळली, “कोण पडलं गं? माझ्या बाई, कोण पडलं?”

हंसाक्कानं मान वळवली. श्वास लागला होता तिला. पण आवाज असा स्वच्छ निघाला की बार्शीनं ऐकला.

“मडकी पडली, मावशी. साही.”